बाळंतपणाची रजा आणि माझ्या नावापुढचं प्रश्नचिन्ह

ती. अक्कांना नमस्कार,

तुमचा दमा आता कसा आहे? खिडकीपाशी झोपू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तुम्ही खिडकीपाशीच झोपत असणार याची मला खात्री आहे. इकडे सर्व ठीक. (हे पत्रात लिहावंच लागतं म्हणून लिहिलं. खरंच ठीक असतं तर मी चार ओळींत आटोपलं असतं.) फोन केला नाही, कारण आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत, फोनवर माझा आवाज चढतो, आणि तुमची भाची हल्ली माझ्यावर पाळत ठेवून आहे. हसू नका. आधी पुढचं वाचा.

तुमची बहीण गेली त्याला नऊ महिने झाले. लेक आणि जावईबापू तेव्हा ‘थोडे दिवस’ म्हणून माझ्याकडे राहायला आले, ते आहेतच. मला त्याचा आनंद आहे. तो मी अजून बोलून दाखवलेला नाही. जावईबापू बोटींची इंजिनं दुरुस्त करतात, पंधरा दिवस घरी आणि पंधरा दिवस पाण्यावर. लेक वजनकाटे तपासायच्या कार्यशाळेत आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुकानांतले, दवाखान्यांतले काटे तिच्या टेबलावर येतात, ती त्यांवर शिक्क्याची वजनं ठेवते आणि काटा खरं बोलतो की खोटं ते सांगते. तिला आता तेहेतिसावा आठवडा आहे. संध्याकाळपर्यंत पाय असे सुजतात की चपलेचा पट्टा लागत नाही. रक्तदाब वर सरकतो आहे, आता रजा घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तिने ‘बघते’ म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला डबा घेऊन बाहेर पडली.

अक्का, मी एकतीस वर्षं रजा विभागात काढली. माझ्या कारकिर्दीत एका शिपायाचे वडील तीनदा वारले. (तिसऱ्या वेळी मी सांत्वनाचं रजिस्टर पत्र घरी पाठवलं. ते वडिलांनीच सही करून घेतलं.) त्यामुळे रजेचा अर्ज दिसला की मला संशय येतोच. पण हक्काची रजा असून न घेणारा माणूस दिसला की त्याहून जास्त येतो. अशा माणसाच्या टेबलाच्या खणात हटकून काहीतरी दडवलेलं निघतं, असा माझा अनुभव आहे. ही पोरगी काय दडवते आहे, हे मी शोधायला लागलो, आणि माझ्या लक्षात आलं की तीही माझ्याबद्दल काहीतरी शोधते आहे.

म्हणजे असं. एके दिवशी ती कामावरून आली आणि ‘बाबा, हे जरा धरा ना,’ म्हणून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात देऊन आत गेली, ती येईचना. मध्ये दोनदा डोकावून भिंतीवरचं घड्याळ बघून गेली. टॉवेलात एक दोन किलोचं आणि एक किलोचं वजन होतं, मिळून तीन किलो, कार्यशाळेच्या शिक्क्यासकट. आधी मला वाटलं, ही तिथला माल घरी आणते आहे आणि मला साथीदार करते आहे. पण सकाळी वजनं परत गेली. मग रविवारी दुपारी मी आडवा झालो असताना दाराची घंटा वाजली. उघडलं, तर कोणी नाही. जिन्याच्या वळणावर एक सुजलेलं पाऊल तेवढं दिसलं. (मी न पाहिल्यासारखं करून दार लावलं. बाईमाणूस, त्यातून अशा अवस्थेत. पकडणं बरं दिसलं नसतं.) चहाच्या वेळी तिने अगदी सहज विचारलं, ‘तुम्हाला दुपारी गाढ झोप लागते का हो?’ शिवाय दुधाखालचा गॅस बंद केला का, किती वाजता केला, नक्की का, हे दिवसातून तीनदा.

मी दोन आणि दोन चार केले. बाळासाठी माझी खोली हवी आहे, आणि मी आता भ्रमिष्ट झालो असं सिद्ध करून मला कुठल्यातरी आश्रमात नेऊन सोडायचं चाललं आहे. जावईबापूही सामील असावेत, कारण यावेळी निघताना ते मला दोनदा ‘तब्येतीला जपा’ म्हणाले. एरवी एकदाच म्हणतात.

म्हणून मी बुधवारी ती आंघोळीला गेल्यावर तिची बॅग उघडली. हे चूक होतं, तुम्ही रागवाल, हे धरूनच लिहितो आहे. बॅगेत रजेचा अर्ज निघाला. सगळे रकाने भरलेले, फक्त ‘पासून’च्या पुढे पेन्सिलीने तारीख लिहून खोडलेली. इतक्यांदा खोडलेली की कागद तिथे पातळ झाला होता. मागच्या बाजूला तिचा हिशोब होता, तो मी दोनदा तपासला, बरोबर आहे. रजा एकूण चोवीस आठवडे. बाळंतपणाआधी जेवढे आठवडे घ्यावेत, तेवढे नंतरचे कमी होतात. तिच्या कामाजवळचं पाळणाघर सहा महिन्यांच्या आतलं मूल घेत नाही. म्हणजे आता रजा सुरू केली तर शेवटी नऊ आठवडे बाळाला सांभाळायला कोणी नाही. अगदी कळा येईपर्यंत काम केलं तर फक्त दोनच आठवडे उरतात, आणि ते जावईबापू काढतील. पोरगी रजा दडवत नव्हती, साठवत होती. त्याखाली नावं होती. ‘सासूबाई: गुडघे.’ ‘मावशी: दम लागतो, विचारायचं नाही.’ आणि शेवटी, ‘बाबा:’ आणि पुढे एक प्रश्नचिन्ह.

एकतीस वर्षं मी लोकांच्या नावांपुढे प्रश्नचिन्हं टाकली. ती वाचायला कशी लागतात, हे मला माहीत नव्हतं.

कागद घेऊन मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. ती केस पुसत आली.

‘हे प्रश्नचिन्ह कशाबद्दल?’

‘तुम्ही माझी बॅग उघडलीत?’

‘तू जिन्यात लपलीस.’

‘लपले नव्हते. तुम्ही किती वेळात उठता ते मोजत होते. बाळाएवढं वजन किती वेळ धरता, तेही.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘बाबा, तुम्ही रोज दोन कप चहा करता. एक समोर ठेवता. आणि म्हणे प्रश्नचिन्ह कशाबद्दल!’

मी तिला सांगितलं, की आई नाही हे मला पक्कं माहीत आहे, मी भ्रमात नाही. माझ्या हाताला दोन कपांचंच माप आहे. एकाचा करायला गेलो की साखर चुकते. दुसरा कपही मीच पितो, गार झाल्यावर. तिने ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग म्हणाली, ‘मी लहान असताना तुम्ही मला एकदा तरी आंघोळ घातलीत का?’

‘रजा नव्हती,’ मी म्हणालो.

‘रजा तर तुम्हीच देत होतात!’

अक्का, एकतीस वर्षांत एकाही कर्मचाऱ्याने मला इतकं बिनतोड उत्तर दिलं नव्हतं. ती जन्मली तेव्हा मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती आणि कारणाच्या रकान्यात ‘घरगुती काम’ असं लिहिलं होतं. हे तिला सांगितलं नाही. नऊ आठवडे मी सांभाळीन, तू सोमवारपासून घरी बस, हे वाक्य जिभेवर होतं, तेही सांगितलं नाही. मला असं पटकन बोलता येत नाही, हे तुम्ही जाणताच. ती ‘बघते’ म्हणाली आणि कामाला गेली. तिथे आता तिला वीस किलोची वजनं उचलू देत नाहीत म्हणे, पण उभं राहणं आहेच. तारखेची जागा अजून कोरी आहे.

बाकी क्षेम. खिडकी लावून झोपावं.

आपला,
तुमच्या धाकट्या बहिणीचे यजमान

ता. क. पत्र खरं तर यासाठी. रविवारी ती तुम्हाला फोन करून ‘बाबांना जमेल का’ असं आडून विचारणार, असा माझा दाट संशय आहे. ती आठ दिवसांची असताना तुमच्या घरी तुम्ही तिला माझ्या मांडीवर ठेवलं होतं, आणि मी तासभर जागचा हललो नाही. कृपया एवढंच सांगा. नंतर माझ्या दोन्ही पायांना मुंग्या येऊन मला उठता येईना आणि तुमच्या यजमानांनी आणि दूधवाल्याने मिळून मला उचललं, हा तपशील गाळावा. तो विचारलेला नसेल तर गाळणं खोटं ठरत नाही.

ता. क. २. बाळाला आंघोळ कशी घालतात ते क्रमवार लिहून पाठवा. मान कोणत्या हातात, पाणी कोणत्या हाताने, हे स्पष्ट हवं. उत्तर घरी पाठवू नका, तळमजल्यावरच्या शिंप्याच्या पत्त्यावर पाठवा. त्याच्याशी बोलून ठेवलं आहे.

ता. क. ३. मावशी, हे मी लिहिते आहे. पाकीट टेबलावर उघडंच पडलं होतं. जन्मभर लोकांचे कागद तपासलेला माणूस पाकीट चिकटवायला विसरत नाही, तेव्हा हे मी वाचावं म्हणूनच ठेवलं होतं, असा मला संशय आहे. त्या तासाभराबद्दल आईने मला केव्हाच सांगितलंय, दूधवाल्यासकट. रजा सोमवारपासून घेतली, शाईने लिहिलंय. तू काही क्रमवार लिहीत बसू नकोस. तुझा दम सांभाळून जमेल तेव्हा चार दिवस ये, आणि आम्हा दोघांना समोर बसवून दाखव. बाळाला आंघोळ कशी घालायची ते मलाही येत नाही. आई आहे, विचारू की कधीतरी, असं धरून चालले होते.