तांबूचा ताबा आणि माझी इतर मिळकत

मी, चंद्रप्रकाश दत्ताराम घाडीगावकर, वय वर्षे एकवीस, धंदा मोटर रिवाइंडिंग, राहणार सुखदा सहकारी गृहनिर्माण संस्था, दुसरा मजला, मुलुंड पूर्व, लिहून ठेवतो की हे मृत्युपत्र मी शुद्धीत राहून आणि राजीखुशीने करत आहे. शुद्धीबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी दवाखान्यातल्या डॉ. नलिनी साठ्ये यांना विचारावे. त्यांनी आज सकाळी मला समोर बसवून दोन पेले पाणी प्यायला लावले आणि ते मी न ठसकता प्यालो. राजीखुशीबद्दल म्हणाल तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी श्री. सीताराम कर्णिक यांचा थोडा धाक आहे, तो पुढे येईलच.

१. बुधवार दि. १५ फेब्रुवारी १९८४ रोजी मी वहीच्या आठ पानांवर एक मृत्युपत्र लिहिले होते. ते याद्वारे सर्वस्वी रद्द. त्यात मी कॉलेजातल्या एका डेमॉन्स्ट्रेटरला, सोसायटीच्या कमिटीला आणि सांताक्रूझच्या एका माणसाला शिव्या दिल्या होत्या, आणि माझी सतरा पत्रे कु. उत्तरा सीताराम कर्णिक हिला द्यावीत असे लिहिले होते. कर्णिककाका फोर्टात एका सॉलिसिटरकडे हेडक्लार्क आहेत. मीच मूर्खासारखा तो कागद त्यांना तपासायला दिला. त्यांनी लाल पेन्सिलीने शुद्धलेखन सुधारले, शिव्यांखाली रेघा मारल्या आणि आपल्या मुलीच्या नावाशेजारी फक्त एक प्रश्नचिन्ह काढले. चार दिवस तो कागद स्वतःकडेच ठेवला. आज म्हणाले, "उद्या तू लॉरीखाली आलास तर तो कागद कायद्याने खरा ठरेल. नवीन लिही, जुना रद्द कर, तारीख घाल." म्हणून हे लिहिणे.

२. मरायची वेळ का आली होती, तेही नोंदवतो. गुरुवार दि. ९ रोजी कुत्री पकडणारी गाडी आमच्या आवारात आली. ती कर्णिककाकांनी बोलावली होती. जिन्याखाली राहणाऱ्या तांबड्या कुत्रीच्या मानेत त्या लोकांनी लोखंडी चिमटा घातला आणि तिला फरपटत नेऊ लागले. ती ओरडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. माझे डोके फिरले. मी चिमटा हिसकला, ती सुटली, आणि सुटता सुटता माझ्या मनगटाला चावली. मला आवरायला काका धावले, तर त्यांच्या पोटरीला चावली. गाडीवाले म्हणाले, आता तुमचं तुम्ही बघा, आणि निघून गेले.

डॉक्टरीणबाईंनी सांगितले, पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक. आणि कुत्री दहा दिवस नजरेसमोर ठेवा. दहा दिवसांनी ती ठणठणीत असली तर पिसाळलेली नव्हती असं समजा, तुम्हाला काही होत नाही, उरलेली इंजेक्शनं माफ. तिला काही झालं तर, असे म्हणून त्यांनी वाक्य तिथेच सोडले.

त्याच संध्याकाळी कमिटीने ठराव केला: सदर कुत्री दहा दिवस आवारात ठेवावी, तदनंतर पुन्हा गाडी बोलवावी. गाडीतून गेलेले कुत्रे परत आलेले आमच्या गल्लीत कोणी पाहिलेले नाही. म्हणजे तिला दहा दिवस जगवायचे, ते आमच्यासाठी, आणि मग मारायला द्यायचे. मी कमिटीसमोर काय काय बोललो ते इतिवृत्तात आहे, इथे पुन्हा लिहीत नाही. तेवढ्या दिवसांत तिला घर शोधायचे, असे मी ठरवले. माझी आई, सौ. वनमाला, तिला तांबू म्हणू लागली. आमचे बाबा गिरणी सुटल्यापासून इथल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात, ते एवढेच म्हणाले, "कॉलेज सोडलंस, आता कुत्र्यापायी जीव सोड."

३. माझी हत्यारे, म्हणजे तीन पकडी, पान्ह्यांचा सेट, सोल्डरिंग आयर्न आणि टेस्टर, हे सर्व माझ्याबरोबर वर्कशॉपमध्ये काम करणारा गुणाजी वैती याला. तांबूला घर द्यायला पहिल्यांदा तोच तयार झाला. तो खारदांड्याचा. मंगळवारी सकाळी मासळीच्या रिकाम्या टेंपोतून तो तिला घेऊन गेला आणि मी शिट्टी वाजवत कामाला गेलो. संध्याकाळी काका जिन्यात भेटले.

"तांबू कुठाय?"

"तिला घर मिळालं, काका. खारदांड्याला."

ते पायरीवरच खाली बसले. "अरे गाढवा, बाईंनी काय सांगितलंय? दहा दिवस नजरेसमोर. आज कितवा? तू माझा जीव खारदांड्याला पाठवलास?"

"माझाही आहे त्यात."

"तुझ्या जिवाचं कौतुक मला नको सांगूस. टॅक्सी बघ."

तिला घर मिळाल्याच्या आनंदात मी ही गोष्ट साफ विसरलो होतो. आम्ही गेलो तेव्हा गुणाजीची आई, द्रौपदीबाई, दारातच उभी होती. तांबूने बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांची अख्खी खालची रांग खाल्ली होती. बाई म्हणाल्या, न्या बाबांनो, लगेच न्या. परतीच्या टॅक्सीत ती काकांच्या मांडीवर डोके ठेवून झोपली. काकांनी पाय हलवला नाही. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "श्वास चालू आहे ना रे, बघ."

बुधवारी ती काही खाईना. दूध नाही, पाव नाही. पाण्याकडे तर बघेचना. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि आपापल्या घरी जाऊन मृत्युपत्र लिहिले. काकांनी त्यांचे टाइप केले, तीन प्रतींत. गुरुवारी सकाळी तिने जिन्याखाली सगळे बोंबील ओकून टाकले आणि चार पाव खाल्ले. तो वास अजून आहे. काका तो वास घेऊन हसले, हे मी स्वतः पाहिले आहे.

४. पोस्टातले माझे पासबुक आईला. सायकल बाबांना. त्यांनी ती चालवावी, नुसती पुसून ठेवू नये.

५. सेकंड इयरची पुस्तके ज्याला हवी त्याने न्यावीत. मी न फोडलेल्या काचेच्या ब्युरेटचा आळ डेमॉन्स्ट्रेटरने माझ्यावर घेतला, मी टेबलावर हात आपटला, तेव्हा मात्र दुसरी एक खरोखर फुटली. मी तसाच बाहेर पडलो तो परत गेलो नाही. त्याच्यावरचा राग मी कुणाच्या नावे करत नाही, तो माझ्याकडेच राहील. पण त्याच्या मोटरचे वाइंडिंग जळून कधी आमच्याकडे आले तर मी नीट भरून देईन. कॉलेजचा अ‍ॅप्रन तांबूच्या अंगाखाली आहे.

६. सतरा पत्रांबाबत. ती दिली कधीच नव्हती. जिन्यात उत्तरा भेटली की "काय गं" म्हणायचो, ती "काय रे" म्हणायची, आणि वर जाऊन मी तीन पाने लिहायचो. असे दीड वर्ष. डिसेंबरात तिचे लग्न ठरले तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. कारण विचारले तर आईला पोट बिघडले म्हणून सांगितले. आज सकाळी ती पत्रे मी बंबात घातली. पाणी चांगले कढत झाले. आईने त्यात विसावणाचे गार पाणी घालून तांबूला आंघोळ घातली. मला वाटले होते त्यापेक्षा खूपच हलके वाटले, हेही शुद्धीत लिहितो.

७. आता तांबू.

गेल्या दहा दिवसांत मी अकरा घरे विचारली. कुणाच्या सासूला दमा, कुणाकडे सोवळे, कुणी म्हणाले कुत्रा असता तर घेतला असता, कुत्री नको. एका गृहस्थांनी तिचे कान तपासून जात विचारली, तिथे माझे भांडण झाले. शनिवार उजाडला तरी घर नव्हते आणि सोमवारी गाडी येणार होती.

शनिवारी दुपारी सांताक्रूझचे श्री. श्यामकांत टिपणीस भावी सासऱ्यांची पोटरी बघायला आले. पहिल्या मृत्युपत्रात सांताक्रूझचा माणूस म्हणून ज्यांचा उल्लेख आहे ते हेच. उत्तरेचे होणारे यजमान. मी खाली गेलो तो भांडायलाच. कशावरून, ते ठरलेले नव्हते. पाहतो तर हे गृहस्थ इस्त्रीच्या पॅंटसकट जिन्याच्या पायरीवर तांबूकडे पाठ करून बसलेले, हातात पेपर. नवीन माणूस दिसला की ती गुरगुरते. हे तिला बोलावत नव्हते, बघतही नव्हते. तासभर झाला असेल. ती उठली, वळसा घालून पुढे आली आणि त्यांच्या बुटावर हनुवटी टेकली. त्यांनी पेपरचे पान उलटले.

"तिला भीती कशाची वाटते?" त्यांनी मला विचारले. अकरा घरांत कोणी हे विचारले नव्हते.

"लोखंडाच्या आवाजाची," मी म्हणालो.

"आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात. चालेल तिला?"

"ते मला काय माहीत? मी काय विमानात बसवून आणलंय तिला?"

"रागावू नका हो. आमचं बैठं घर आहे, मागे अंगण आहे. आमचा म्हातारा कुत्रा दिवाळीत गेला. आई अजून त्याचं भांडं रोज घासते." मग म्हणाले, "तुम्ही द्याल का हिला? काकांना नाही विचारत. ती तुमची आहे, असं उत्तरा म्हणाली."

उत्तरा वर कठड्याला टेकून उभी होती. "दे ना रे चंदू," म्हणाली. "मीही तिथेच असणार आहे."

हे वाक्य ऐकून दहा दिवसांपूर्वी मी काय केले असते ते मला ठाऊक आहे. काल मी म्हणालो, "तिला बोंबील दाखवू नका."

सबब माझे मालकीची तांबू नावाची तांबडी कुत्री, वय अंदाजे दोन वर्षे, डावा कान अर्धा, हिचा ताबा आजपासून श्री. टिपणीस यांचा. ~~मालकी मात्र माझ्या हयातीत माझीच राहील व माझ्या पश्चात त्यांची होईल. महिन्यातून एका रविवारी तिला भेटण्याचा हक्क मी राखून ठेवत आहे.~~

८. पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी स्वतः आवारात येऊन तांबूला पाहिले आणि आमची उरलेली चार इंजेक्शनं माफ केली. काकांनी शर्ट खाली घेतला, पॅंटमध्ये खोचला, आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तो प्रेमाचा होता की उत्तरेच्या प्रश्नचिन्हाचा, मी विचारले नाही.

दुपारी टिपणीस स्कूटर घेऊन आले. त्यांनी पुढच्या फळीवर गोणपाट अंथरले होते. मला वाटले होते तिला उचलून ठेवावे लागेल, ती माझ्याकडे बघेल, रडेल, आणि मग मला काहीतरी करावे लागेल. ती आपणहून चढली. पुढचे दोन्ही पाय हॅंडलवर टेकले आणि तोंड वाऱ्याला केले. स्कूटर फाटकाबाहेर गेली तरी तिने वळून पाहिले नाही. मला आधी अपमान वाटला. मग जिन्याखालची तिची जागा पाहिली, तिथे कोणी कोणाची वाट बघत नव्हते, आणि मी पायरीवर बसून पुष्कळ वेळ मोठ्याने श्वास घेत राहिलो.

ज्याला परत बघायची गरज उरली नाही त्याच्यावर मालकी कसली सांगायची. म्हणून कलम ७ मधला मालकीचा आणि रविवारचा मजकूर मी माझ्या हाताने खोडला आहे व खाडाखोडीपुढे सही केली आहे. तांबू त्यांची. रविवारी बोलावले तर जाईन.

ठिकाण: मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक: १९ फेब्रुवारी १९८४, रविवार

(सही) चंद्रप्रकाश दत्ताराम घाडीगावकर

आमच्या समक्ष सही केली:

साक्षीदार १: (सही) डॉ. नलिनी साठ्ये. इसम पूर्ण शुद्धीत आहे. मनगटावरची जखम भरली आहे.

साक्षीदार २: (सही) सीताराम कर्णिक. केवळ सहीचा साक्षीदार. मजकुराशी सहमत असेनच असे नाही. मी शनिवारीच गाडीला नको म्हणून कळवले होते, ते यात यायला हवे होते.