अम्मीला घाम फुटला तर

उमैमा बेटा,

डोळ्यांसमोर आण: भूकंपाच्या सालातला दवाखान्याचा तंबू. तुझ्याएवढी मुलगी आणि खाटेवर तिची आई. मणका मोडल्यामुळे तुझ्या अम्मीसारखंच तिलाही मानेखाली काही जाणवत नव्हतं. एकाएकी आईला दरदरून घाम आला, चेहरा लाल झाला. "डोकं फुटतंय," म्हणाली. बाया म्हणाल्या, "पुन्हा हादरा बसंल म्हणून भेली हाय. पडू दे तिला."

पण लघवीची नळी अडली की असं होतं, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

आज सकाळी अम्मीला तेच झालं. नळी हलवली, तेव्हा उतरलं. बेटा, तुझा नाना फार घाबरलाय. नळी बदलायला हवी आणि नर्सबाईंचा फोन लागत नाही, म्हणून त्यांना आणायला उदगीरला निघालोय. शेजारच्या अख्तरी खाला अम्मीजवळ आहेत, पण त्या म्हणतात, "उन्हाचं हाय, दस्तगीरभाई." पुन्हा तसं झालं, तर त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. नळी पाहूनही उतरलं नाही तर लगेच १०८ ला फोन कर.

त्या मुलीनेही वाद घातला नाही. तिने बायांच्या मदतीने आईला उठवून बसवलं, खाटेखाली वाकली आणि दुमडलेली नळी सरळ केली.