शिडी कुणाच्या करातली

ती. बाबा,
लेकीचा नमस्कार.

मागच्या पत्रात चुकीचं लिहिलं. नदीपलीकडे तुम्हा दोघांसाठी घर घेतलं तर सगळा कर निम्मा होणार नाही. राज्याचा कर दोन्हीकडे सारखाच. तिथे फक्त नगरपालिकेचा कमी आहे.

का, ते काल कळलं. आमच्या इमारतीत आग लागली. (मी सुखरूप आहे, आईला हेच आधी सांगा.) बंबाची शिडी चौथ्या मजल्यापर्यंत उलगडत गेली आणि शेजारच्या आजी जवानाच्या कडेवर बसून खाली आल्या! मी आ वासून बघतच राहिले.

घरमालकीण म्हणाली, "बघतेस काय? तुझ्याच करातली शिडी आहे ती!"

पलीकडे बंबच नाही.

तुमचे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना अजून थांबावं लागतं ना? कर जास्त पडला तरी चालेल, अलीकडचंच घर घेते. करारावर सही येत्या गुरुवारी, बारा तारखेला.

तुमची,
धाकटी