ग्राइंडरवरची पट्टी

पार्से, पेडणे
१९ जानेवारी २०२५

चि. साईश यास,

मामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. शेवंतीमामीचा गुडघा थंडीत दुखतो, पण ऐकेल तर ती मामी कसली, काजूंखालचा पाचोळा काढायला रोज जातेच. मोहोर यंदा बरा आहे. सिंधूने पाठवलेली सोलं मिळाली, आईला तसं सांग.

पत्र बघून हसशील. पण फोनवर तू "बरां मामा" म्हणून ठेवून देतोस, आणि मला जे सांगायचं आहे ते मला फोनवर बोलता येत नाही. दोनदा नंबर लावून मीच बंद केला.

बुधवारी सिंधूचा फोन आला. मांद्र्याला गौरवीबाई म्हणून कोणी नवीन रेस्टॉरंट काढताहेत, त्यांनी पूर्वी तुझ्या हातची कॉफी प्यायली होती, म्हणून तुला काउंटरवर बोलावलं, आणि तू नको म्हणालास. पंचवीस तारखेपर्यंत जागा धरून ठेवणार आहेत. "दादा, तूच सांग ताका," सिंधू म्हणाली. "तो म्हणता, माझ्या हाताक अंदाज ना, लोकांक कित्याक फसवू? तीन वर्सां झाली, घरात चायसुद्धा करीना. हार्डवेअरच्या दुकानात खिळे जोखता." मी म्हटलं, त्याला पत्र लिहितो.

ते लिहायला चार दिवस लागले.

आधी दुसरं सांगतो. ऑगस्टमध्ये मी निवृत्त झालो, तेव्हापासून समीक्षा आणि जावई दर महिन्याला आम्हाला कुठेतरी भारी ठिकाणी जेवायला नेतात. "बाबा, जन्मभर वाढलंत, आता बसा," म्हणतात. मी बसतो. पण वेटर कुठल्या बाजूने पाणी ओततो तेच बघत राहतो, आणि मामी टेबलाखालून पाय मारते. जेवण सगळीकडे झकास. केरीला चोणक मासा असा खाल्ला की मी उठून आत आचाऱ्याला भेटून आलो. मग शेवटी कॉफी मागवतो, आणि तिथे सगळं मुसळ केरात. पहिल्या ठिकाणी एस्प्रेसो म्हणून तळाला पिवळट पाणी, वर सोनेरी फेसाची साय नाही, आंबट. दुसऱ्या ठिकाणी जळकी, आणि कप गार. तिसऱ्या ठिकाणी मशीन पितळेचं, लखलखीत, दिवाणखान्यात मिरवावं असं, आणि तो वेटर म्हणतो, "सर, मशीन बंद आसा, इन्स्टंट चलतली?" चौथ्या ठिकाणी साय दिसली म्हणून मी खूश झालो, तर बिया कधीच्या भाजलेल्या, देव जाणे. त्या घोटाला वासच नव्हता.

जावई म्हणाले, "एवढं मोठं हॉटेल आणि कॉफी अशी कशी?"

तू आमच्या हॉटेलात लागलास तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हेच विचारलं होतंस. मी वेटरांचा कॅप्टन, सतरा वर्षं तिथे काढलेला, मला उत्तर ठाऊक होतं. तेव्हा दिलं नाही. आता देतो.

मासळीला आचारी असतो, दारूला वेगळा माणूस असतो. कॉफी कोणाचीच नसते. जो मोकळा असेल तो बटण दाबतो. पाहुण्याचं पोट भरलेलं, लक्ष बिलाकडे, तो ती परत पाठवत नाही, नुसती अर्धी टाकून जातो. मशीन रात्री कोणी धूत नाही, बियांची पिशवी उघडी पडते. आणि आणखी एक गोष्ट आहे जी कोणी बोलत नाही. चांगली कॉफी मिळाली की माणूस उठत नाही, आणि दाराशी पुढचे लोक उभे असतात. कार्डावर कॉफी पाहिजे, नाहीतर हॉटेल हलकं वाटतं. पण ती फार चांगली झालेली कोणाला नको असते.

तू आलास आणि हे सगळं बदलून टाकलंस. बंगळुरूहून शिकून आलेलास. कप गरम करून ठेवायचास, दर आठवड्याला ताज्या बिया मागवायचास, मशीन स्वतः घासायचास. दोन महिन्यांत लोक जेवण उरकून कॉफीसाठी थांबायला लागले. तीन वाजले तरी टेबलं सुटेनात. शेठ मला म्हणाले, "दत्ताराम, ह्याचा कायतरी कर मरे."

काल दुपारी इथपर्यंत लिहून मी थांबलो होतो. मनात होतं की पुढचं सगळं शेठच्या गळ्यात घालावं. पण शेठ पुढे काय म्हणाले तेही लिहायला हवं. ते म्हणाले, "कॉफीवाल्यांक आंब्याखाली चार कदेली घाल, थंय बसूंदे." उपाय त्यांनीच सांगितला होता. खुर्च्या मी घातल्याच नाहीत.

सुमंगलाबाई आठवतात? म्हापशाच्या. चौदा वर्षं दर रविवारी येणार, आणि बसायच्या आधी मला विचारणार, "दत्ताराम, आज मासळी कसली चांगली?" मी सांगेन ते खाणार. नाताळाच्या आधीच्या रविवारी त्या आल्या त्या सरळ तुझ्या काउंटरकडे गेल्या, आणि जेवायला काय, ते नवीन वेटरला सांगून मोकळ्या झाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. एवढीशी गोष्ट. मला तुझा हेवा वाटला, साईश. सख्ख्या बहिणीच्या मुलाचा, ज्याला मीच त्या नोकरीत चिकटवला होता त्याचा.

आता पुढचं.

तू अकरा वाजता ग्राइंडर लावायचास. दळण जाड राहिलं तर पाणी धावतं आणि कॉफी आंबट होते, बारीक झालं तर थेंब थेंब पडते आणि कडू होते, हे मला तूच शिकवलंस. मधली जागा सापडली की दळण जाड-बारीक करायच्या रिंगवर, यंत्रावरच्या बाणासमोर, पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचास, म्हणजे घाईत रिंग सरकलीच तर कळावं. मग जेवायला आत जायचास. पाच जानेवारीला तू जेवत असताना मी रिंग अर्धं बोट फिरवली, पट्टी सोडवली आणि परत बाणासमोर चिकटवली. अर्ध्या मिनिटाचं काम. तू आलास, पट्टी जागेवर बघितलीस आणि कॉफी काढायला लागलास. गर्दीत पुन्हा सगळं लावायला तुला वेळ कुठे होता?

पहिले तीन दिवस मी रिंग जाड बाजूला फिरवली. मग बारीक बाजूला, म्हणजे तुला कारण सापडू नये. असे नऊ दिवस.

चौथ्या दिवशी तू मला विचारलंस, "मामा, पट्टी थंयच आसा, मगे अशी कित्याक जाता? कोणी हात लावलो काय?" तेव्हा तरी मी सांगू शकलो असतो. मी म्हटलं, "हात कोण लावतलो? तुझ्याच हाताक अजून अंदाज ना."

बुधवारी सिंधूच्या तोंडून हेच शब्द ऐकले. ते माझे शब्द आहेत. तीन वर्षं तू ते खरे धरून चालला आहेस.

तेरा तारखेला एका टेबलावरून तीन कप परत आले. शेठ सगळ्यांसमोर तुला बोलले. तू एप्रन घडी करून काउंटरवर ठेवलास, माझ्या पाया पडलास आणि गेलास. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. तू जाताच मी रिंग परत जागेवर आणायचा प्रयत्न केला, पण मला ती जागा सापडली नाही. त्या मशीनमधून तशी कॉफी पुन्हा कधी आली नाही. सुमंगलाबाई उन्हाळ्यापर्यंत येत होत्या, मग त्याही येईनाशा झाल्या.

काल संध्याकाळी मांद्र्याला जाऊन मी गौरवीबाईंना हे सगळं सांगितलं. त्या माणसं लावून टाइल्स बसवून घेत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आनी तुमी तीन वर्सां गप्प रावलात?" मग म्हणाल्या, "जागा ताचीच. तुमी मात्र उद्घाटनाक येव नकात." मी कबूल केलं. ते योग्यच आहे.

साईश, मला माफ कर असं लिहायला मला तोंड नाही. तुला तिथे जायचं नसेल, खिळे जोखण्यातच बरं वाटत असेल, तर तो तुझा निर्णय. पण हाताला अंदाज नाही म्हणून नको म्हणू नकोस. तुझ्या हातात कधीच काही खोट नव्हती. मी दोन वर्षं रोज शेजारी उभं राहून तुझी कॉफी बघितली असती तरी मला ती साधली नसती.

हे पत्र आईला दाखव. आधी मी "दाखवू नकोस" असं लिहिलं होतं, ते खोडलं आहे. सिंधू मला भाऊबीजेला बोलावणार नाही, मामीही आज सकाळपासून बोलत नाही, कारण तिला काल रात्री सांगितलं. उद्या समीक्षा कचेरीच्या कामाने तुमच्या वाळपईला जाते आहे, तिच्या हाती पत्र देतो. पंचवीस शनिवारी आहे.

तू नोकरी सोडलीस तेव्हा शेठनी अनुभवाच्या दाखल्यासाठी माझ्याकडे बोट दाखवलं होतं, आणि मी तो दिला नव्हता. खाली लिहून देतो. हवा तर फाडून वेगळा ठेव, हवा त्याला दाखव.

श्री. साईश गावस यांनी ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात माझ्या हाताखाली कॉफी-काउंटर सांभाळला. त्यांची कॉफी मी प्यायलेल्या सगळ्या कॉफींत चांगली होती. शेवटचे नऊ दिवस ती बिघडली, ती मी बिघडवली.

दत्ताराम कोरगावकर
निवृत्त कॅप्टन