बैलाचा मोडा

आये, पोर आता पळती. हात धरला तर झटकती, तुझ्यावानी. हे आधीच सांगते, म्हंजी पुढचं ऐकताना तुझ्या जिवाला घोर नको. ती धड हाये. मी बी हाये. तू कुठं वाचणारेस म्हणा, जितेपणी तुला अक्षर येत न्हवतं, आन मला बी आश्रमशाळेत चौथीपातूर जेवढं आलं तेवढंच. चुकलंमाकलं तर हसू नको.

आपल्या गावाला सोमवारी मोडा असायचा. हितं खाली येडगावच्या अंगाला कुणाला ते म्हाईत न्हाई, समजावून सांगावं लागतं, की आमच्या डोंगरात आठवड्यातला एक दिस औत धरत न्हाईत, मातीला लोखंड लावत न्हाईत, बैल दावणीला बसून रवंथ करत्यात. हितल्या बाया हसत्यात. मला त्यातला एक सोमवार लई आठवतो. चिखलणी चाललेली, आभाळ खाली आलेलं. मी कुदळ घिऊन बांधाकडं निघाले, म्हणलं आईला तेवढीच मदत. तू पाठीमागनं आली आन माझ्या हातावर चापट मारली. मोड्याला माती उकरती का म्हणून वराडली, बैल बसल्यात ते दिसत न्हाई का म्हणली. तुझ्या डोक्यावर हंडा व्हता, काखंत कळशी व्हती. त्याच्या आधी तू नाचणी दळली व्हती, आन हंडा उतरवून शेण काढाय जाणार व्हती. मी हात चोळत इचारलं, "मंग तू का करती?" तू हंडा न सांडता हसली. म्हणली, "मोडा बैलाला असतो. आपण कुठं बैल हाये?"

मला तवा ते गमतीचं वाटलं. मी पोरींस्नी सांगत फिरले.

आन मंग ती आवणी. आपल्या खालच्या खाचरात, जे आता गावासकट धरणाच्या पाण्याखाली हाये, त्यात आपण समद्या वाकून रोपं लावतोय. तू म्हणती, जरा टेकते. तू कवा टेकत न्हाईस, पण ते कुणाच्या ध्यानात येत न्हाई. आमी ओळ पुढं नेतो. मावशी वळून हाक मारती, तू बोलत न्हाईस. बांधाला पाठ लावून बसलीस, मान कलती, आन हातात रोपाची मूठ तशीच धरलेली. मावशीनं ती मूठ सोडवली. मंग घरात बाया जमल्या, आन जी यायची ती एकच बोलायची, की कामाची बाई, कामातच गेली, सोनं झालं. मी रडले कमी आन ते ऐकलं जास्ती. तवाच कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठिवून म्हणलं, ही बी आईवरच गेली हाये बघा. मला लई भारी वाटलं. आये, तुझ्या मागं मला तुझं हिरवं लुगडं मिळालं आन ते बोलणं मिळालं. दोन्ही मी जपून ठिवलं.

लगीन होऊन आमी हिकडं उतरलो. सासू दिराबरोबर वर डोंगरातच ऱ्हायली. पोरीचा बाप मार्केटात टोमॅटोची क्रेटं उचलाय लागला, मी बायांच्या टोळीत गेले. सकाळी फाट्यावर टेम्पो येतो, मुकादमीण बाया मोजून भरती, आन ज्याच्या बागंत काम त्याच्या बागंत सोडती. द्राक्षाची विरळणी असली की हातात बारकी कातर, मान वर, घडातलं बारकं मणी कापत ऱ्हायचं. बाग संपली की टोमॅटो, टोमॅटो संपला की कांदा. हितं कवाच काय बसत न्हाई. मी समद्यांच्या फुडं असायची. मुकादमीण दुसऱ्या बायांस्नी म्हणायची, हिच्याकडं बगा, डोंगरची हाये पण तुमास्नी मागं टाकती. त्या माझ्यावर जळायच्या. मला तेच पायजे व्हतं.

पोर झाली पावसाळ्यात. विरळणी लागली तशी मी तिला घिऊन कामावर गेले, घरात ठिवणार कुणाजवळ? तुझ्या हिरव्या लुगड्याची झोळी केली. बागंत लोखंडी अँगल असत्यात, वरून तारा, तारंवर वेल पसरल्याला. त्या अँगलला झोळी बांधायची, खाली मस्त सावली. ओळ पुढं सरकली की झोळी सोडून पुढं बांधायची. तुझ्या लुगड्यात ती गप झोपायची. मी म्हणायची, आजीनं धरलीया.

पण तवाच माझं काय तरी बिघडाय लागलं व्हतं, आये. कुणाला सांगायचं तर काय सांगू? ताप न्हाई, खोकला न्हाई. भाकरीच्या पिठात मीठ घातलं का न्हाई ते आठवायचं न्हाई. झोपले तरी बोटं कातरीवानी हलायची, हे मला नवऱ्यानं सांगितलं. पोर रडली की ऐकू यायचं, पण आत काय हलायचं न्हाई, जशी शेजारच्याची रडतीया. तरी मी कामावर गेले. बसले असते तर समद्या म्हणल्या असत्या, कुठं गेला गं डोंगरचा जोर?

त्या दिशी दुपारच्या भाकरीनंतर मुकादमीण म्हणली, हितलं झालं, दुसऱ्याची बाग ऱ्हायलीया, चला भराभरा. बाया टेम्पोत चढल्या, मी बी चढले. कातर कमरंला, डबा हातात. टेम्पो निघाला, कॅनॉल गेला, डांबरी लागली. माझ्या शेजारच्या बाईला लई बोलायची सवय. तिनं माझ्या छातीकडं बगितलं आन कोपर मारून म्हणली, "काय गं, दूध उतू चाललंय तुझं. कुणाला पाजती, टेम्पोला?" बाया हसल्या. मी बी हसले. मी खाली बगितलं, चोळी भिजली व्हती. मंग मी मांडीकडं बगितलं, मांडी रिकामी.

टेम्पो पुरता थांबायच्या आधी मी उडी मारली. पळताना पायातलं कुठं गेलं कळलं न्हाई. बागंजवळ आले तर आवाज आला. आमी निघालो म्हणून मालकानं औषध मारायला ट्रॅक्टर घातला व्हता, मागं मोठा पंखा, धुकं उडवत चाललेला. चालवणाऱ्याच्या तोंडाला फडकं, कानात ट्रॅक्टर. मी वरडले ते माझं मला ऐकू आलं न्हाई. आये, बागंतल्या समद्या ओळी सारख्या असत्यात. तसंच अँगल, त्याच तारा, तोच पाला. आन तुझं लुगडं हिरवं. मी हितनं तिथं, तिथनं हितं, समदं हिरवं. ज्या ओळीत मी सकाळधरनं उभी व्हते ती मला सापडंना. ठिबकच्या नळीत पाय अडकून मी तोंडावर पडले. पडले म्हणून दिसलं. वर पाला एकसारखा हाये, पण खाली, जमिनीच्या जरा वर, पलीकडच्या ओळींच्या पार कायतरी पोट आल्यावानी लोंबतंय. मी रांगत गेले. उठाय वेळच न्हवता, पंखा पलीकडच्या ओळीला आला व्हता. झोळीवर उपडी पडले. औषध माझ्या पाठीवरनं गेलं. ती आत जागी व्हती. तुझ्या लुगड्याचा काठ तोंडात धरून चोखत व्हती, माझ्याकडं बगून पाय झाडाय लागली.

तिला दोन्ही हातांनी धरलं आन तशीच घरापातूर चालत आले. पोरीच्या बापाला दुसऱ्यांकडून कळलं. मला वाटलं हात उगारंल. तो भिंतीला टेकून बसला, आन म्हणला, उद्या जाऊ नको. मुकादमीण घरी आली. ती वाईट न्हाई, पण तोंडानं फाटकी. म्हणली, कामाची म्हणून घेतली व्हती तुला, पोर इसरणारी बाई माझ्या टेम्पोत नको, माझ्या काळजाचं पाणी झालं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं डोळ्याची पापणी वडून बगितली, रगत न्हाई म्हणली, आन इचारलं, सुट्टी कवा घेतली व्हती? मला ते इचारणंच कळलं न्हाई. मी म्हणलं, बाळातपणात.

मंग नवऱ्यानं मला डिंभ्याला एस्टीनं आन तिथनं जीपनं वर मावशीकडं सोडलं. मी जाऊन पडले ती पडलेच. मावशी पोरीला माझ्या अंगाला लावायची, ती पिऊन झाली की उचलायची. मला पोरीला हातात धरायची भीती वाटायची, आये. वाटायचं, माझ्या हातातली चीज मी कुठं तरी ठिवून जाईन. एका सोमवारी मला जरा बरं वाटलं, उठले आन केरसुणी उचलली. मावशीनं ती माझ्या हातातनं काढून घितली. म्हणली, "बस. आज मोडा हाये."

मी म्हणलं, मोडा बैलाला असतो.

मावशीनं भाकरीचं टोपलं झाकलं, कालच्याच भाकरी व्हत्या, मला आन पोरीला घिऊन धरणाच्या कडंला जाऊन बसली. पाणी लई व्हतं. तिनं बोट करून दाखिवलं, तिथं खाली तुमचं खाचर. म्हणली, "तुझ्या आईला मी आदल्या मोड्यालाच म्हणलं व्हतं, बाये, आज तरी बस, तुझं तोंड पांढरं पडलंय. ती काय म्हणली ठावं हाये? बसले तर उठायची न्हाई. म्हंजी तिला कळलं व्हतं. लोक म्हणत्यात, कामात गेली, सोनं झालं. कसलं सोनं? तू कोवळी व्हतीस, तुला आई न्हाई ऱ्हायली, हे झालं." मावशीनं डोळं पुसलं न्हाईत, पोरीच्या तोंडातला खडा काढला. मी तवा पहिल्यांदा तुझ्यासाठी रडले. इतक्या सालांनी. पोर माझ्या मांडीवर व्हती, आन मला दिसलं, की माझ्या मागं हिच्या बी पाठीवर कुणी तरी हात ठिवंल आन म्हणंल, ही बी आईवरच गेली हाये. मला लई भ्या वाटलं.

डोंगरातनं खाली आले तवा बागंतली द्राक्षं उतरवून झाली व्हती. मी मुकादमीणीकडं गेले आन म्हणलं, येते, पण सोमवारी न्हाई. तिला वाटलं उपास. मी म्हणलं, मोडा. ती म्हणली, "टोमॅटो थांबतो व्हय गं तुझ्या मोड्यासाठी?" बाया हसल्या. ती टेम्पोतली, बोलायची सवयवाली, म्हणली, "बैल झाली का काय गं तू?" मी म्हणलं, व्हय, बैल झाले. तरी मुकादमीणीनं मला लई दिस घितलं न्हाई. मंग कांदा आला, बाया कमी पडल्या, तवा घितलं. आता मी फुडं नसती, मधी असती. मुकादमीण मला दाखवून कुणाला काय सांगत न्हाई. ते मला अजून बोचतं, खोटं कशाला बोलू.

सोमवार सोपा न्हाई, आये. बसलं की हातांस्नी काय करावं ते कळत न्हाई. कालची भाकरी बगून नवरा तोंड वाकडं करतो, आन मंग सोता चहा ठिवतो, पातेलं जाळतो. पाणी तर भरावंच लागतं, पोर हागली तर धुवावंच लागतं, बाईचा मोडा बैलावानी पुरा हुईत न्हाई. पण मी दारात बसते. पोर मातीत खेळती आन मी तिच्याकडं नुसती बगते. दर घडीला मनात मोजते, हाये का, हाये. तुझ्या लुगड्याला मी लाल चिंधी शिवलीया. पोर आता झोळीत मावत न्हाई, पण चिंधी मी काढली न्हाई.

आज सोमवारच हाये. पोर लुगडं अंथरून त्यावर झोपलीया. हे कागद मी घडी घालून त्याच लुगड्यात ठिवणार, दुसरं कुठं टाकू, तुझं गाव पाण्यात. पण एक ऱ्हायलंय, ते मी मावशीला सांगितलं न्हाई, पोरीच्या बापाला न्हाई, डॉक्टरीणबाईला तर न्हाईच. समद्यांस्नी सांगितलं की मी इसरले, आन खरंच इसरले व्हते, पोरीची शपथ. पण आये, टेम्पो कॅनॉलवरनं चालला व्हता, वारं लागत व्हतं, तवा मला लई हलकं वाटलं व्हतं. खांद्याला काय न्हाई, हाताला काय न्हाई, मी कुणाचीच न्हाई. तसं मला कवाच वाटलं न्हवतं. ते अजून आठवतं, आन चांगलं आठवतं, त्याचंच मला भ्या वाटतं. बांधाला टेकली तवा तुला बी तसंच वाटलं व्हतं का?

नको सांगू.