वेंट मास्तरांची लाल टर्बो

तीर्थस्वरूप लोवेलदादास, मर्लचा नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? बर्निस वहिनींना सांग, त्यांनी पाठवलेला सफरचंदाचा मुरंबा संपला. (ग्लेंडा म्हणते मी एकट्यानेच संपवला, माझी बायको असली तरी तिच्याकडे पुरावा नाही.)

पत्रास कारण, सत्त्याऐंशी सालची टर्बो डेटोना. लाल रंगाची, आपल्या ओहायोतच, आणि माझ्यासारख्याला परवडेल अशा किमतीत. आता तूच सांग, चांगली गाडी कुणी स्वस्तात विकतं का? विकणारे वेंट मास्तर, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. (गणिताचा माणूस स्वस्तात विकतो म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय.) मी फोनवर बजावून ठेवलं होतं, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, थंड इंजिनाला काही लपवता येत नाही. गेलो आणि रामराम करायच्या आधी बॉनेटवर हात ठेवला. कोमट लागलं. मी नुसतं मास्तरांकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांची मांजर आली आणि बरोबर त्याच जागेवर अंग चोरून बसली. मांजर शिकवून ठेवलेली असू शकते.

मग मी खिशातून लोहचुंबक काढलं (ग्लेंडाच्या फ्रिजवरचं, स्ट्रॉबेरीच्या आकाराचं) आणि पत्र्यावर इंच इंच फिरवलं, कारण रंगाखाली पुट्टी भरलेली असली की ते चिकटत नाही. सगळीकडे चिकटलं. मास्तरांनी ऑइल बदलल्याच्या पावत्यांचा खोका आणून समोर ठेवला, अगदी पहिल्या वर्षापासूनच्या. निरपराध माणूस इतक्या पावत्या कशाला जपेल? मागची सीट मांजरीने ओरबाडली आहे, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. एक दोष सांगायचा आणि दहा लपवायचे, मी ओळखून आहे.

पण दादा, चालवायला बसलो, गाव मागे पडलं, टर्बोची ती बारीक शिट्टी कानावर आली आणि माझा जीव त्या गाडीत अडकला. एकोणीस वर्षांचा असताना शेजारच्या रॉस्कोकडे अशीच होती, आणि तो मला ती फक्त धुवायला द्यायचा. ही मला हवीच आहे.

परत आलो तर मास्तर शांतपणे म्हणाले, "चालवलीत छान. आता माझं ऐका. स्वस्त म्हणून लोक ही गाडी नेतात, इंजिन उचकटून दुसरीत बसवतात आणि सांगाडा फेकून देतात. तुम्ही त्यातले नाही ना? तुम्हाला ओळखणारा कुणीतरी सांगा. शनिवारी त्याच्या घरी जाऊन विचारतो, मग ठरवू." माझ्या तोंडावर विचारलं. इतका संशयी माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

तुझा धाकटा भाऊ,
मर्ल

ता. क. तुझं नाव आणि पत्ता दिला आहे.

ता. क. २. तुझ्या कोठारामागे माझे चार सांगाडे पडले आहेत, ते शनिवारच्या आत मोठ्या ताडपत्रीखाली झाक. मास्तरांनी विचारलंच, तर ताडपत्रीखाली नांगर आहेत म्हणून सांग.

ता. क. ३. हिचं इंजिन मी खरोखरच काढणार नाही. वहिनींना हे वाचून दाखवू नकोस, त्या हसतील. तू तरी हसू नकोस.