पायरीवरचे बूट

रविवार, जानेवारी. रांझी.

आज मराठी मंडळात माझी कविता वाचली. कवितेतला बाप कारखान्यातून येतो, पायरीवर बसून हळूहळू बूट काढतो, आणि आत पडद्यामागे त्याची मुलगी श्वास रोखून उभी असते. अध्यक्ष सरांनी अर्थ उलगडून सांगितला, की ते बूट काढणं म्हणजे साचत जाणारा राग. मी मान डोलावली. लिहिताना माझ्याही मनात तेच होतं. मागच्या रांगेत बाबा बसलेले. मुद्दाम वाचली का मी? असेल.

परतताना ऑटोत बाबा म्हणाले, "सरांनी चूक सांगितलं, बेटा."

"काहून?"

"पडद्याखालून तुझे पाय दिसायचे मला. डोकं गरम असायचं, हाताचा भरोसा नव्हता. तू मागच्या दारानं निघून जावं म्हणून बूट काढत बसायचो."

इतकी वर्षं मी त्या बुटांना भ्यायले. आणि मला वाचवायला त्यांच्याजवळ तेवढंच होतं? एकदा आत येऊन जवळ का नाही घेतलं? विचारणारच होते. "कहाँ रोकूँ, दीदी?" ऑटोवाला म्हणाला. राहून गेलं.

घरी बाबा पायरीवर बसले. बोटं वळत नाहीत आता, लेस सुटत नव्हती. मीच वाकून सोडवून द्यावी, असं खरंच वाटलं. पण ते तसेच बूट काढू लागले, आणि माझे पाय सवयीनं मागच्या दाराकडे वळले.